हाली, कलदार आणि कॅल्क्युलेटर

कळंबच्या मोंढ्यात सोयाबीन विकलं असं धरू. वजन भरलं १२ क्विंटल ४० किलो, भाव मिळाला ४,३६० रुपये. वडिलांबरोबर आलेला बारावीतला मुलगा मोबाईल काढतो, बोटं चालवतो आणि सांगतो, ‘‘पाच लाख चाळीस हजार सहाशे चाळीस.’’ वडील हसतात. ‘‘आरं, मालट्रक भरून आणला व्हता का आपण?’’

मोबाईलने चूक केलेली नसते. १२.४ लिहिताना टिंब राहून गेलेलं असतं आणि १२४ चा गुणाकार बिनचूक झालेला असतो. वडिलांनीही पक्की आकडेमोड केलेली नसते, पण रक्कम कानावर पडताच त्यांना ती खोटी वाटते. मोबाईलमुळे पोरांचं डोकं चालेनासं झालं, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. तिच्यात खरं किती ते पाहायचं, तर आधी वडिलांच्या डोक्यात काय घडलं ते उलगडायला हवं.

साडेबारा म्हणजे शंभराचा आठवा हिस्सा. माल जवळपास साडेबारा क्विंटल, भाव जवळपास चव्वेचाळीसशे. शंभर क्विंटलचे झाले असते चार लाख चाळीस हजार. त्याचा आठवा हिस्सा पंचावन्न हजार. माल आणि भाव दोन्ही थोडे चढे धरले, म्हणजे खरी रक्कम याच्या किंचित खाली असणार. आता पक्का हिशोब. दहा क्विंटलचे ४३,६००, दोनचे ८,७२०, मिळून ५२,३२०. दहा किलोचे ४३६, म्हणून चाळीस किलोचे १,७४४. एकूण ५४,०६४. हमाली, तोलाई यातून वजा होईल. अंदाज आणि हिशोब एकमेकांजवळ आले, की हिशोबाच्या पट्टीवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

जुन्या शाळेत याची तयारी पाढ्यांतून होई. पूर्णांकांचे पाढे संपले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी. पाऊणकीत सात म्हटलं की सव्वापाच, दिडकीत नऊ म्हटलं की साडेतेरा, औटकीत सहा म्हटलं की एकवीस. मराठीत पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांना स्वतंत्र शब्द असल्यामुळे अपूर्णांकाला दचकण्याचं कारणच नसे. ‘वन पॉइंट फाइव्ह’ म्हणणाऱ्या मुलाला तो आकडा कागदावरचा वाटतो. दीड भाकरी मात्र ताटात दिसते.

धाराशिवकडच्या लोकांना आणखी एक पायरी चढावी लागे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि इथे हाली सिक्का चाले. शेजारची बार्शीची पेठ मात्र इंग्रजी मुलखात. तिथे कलदार रुपया. ठरलेला दर १०० कलदारला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. हा अवघड आकडा डोक्यात कोण ठेवणार? पण नीट पाहिलं तर तो सहाला सात असा सोपा आहे. कलदारचे हाली करायचे तर सहावा हिस्सा मिळवा, हालीचे कलदार करायचे तर सातवा हिस्सा वजा करा. बार्शीत मालाचे ८४ कलदार आले, तर त्यात १४ घालून ९८ हाली. परतताना ९८ मधून १४ काढले की पुन्हा ८४.

मग हे सारं गेलं कधी? मोबाईल येण्याच्या कितीतरी आधी. १ एप्रिल १९५७ ला नवा पैसा आला. सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला, पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले. दशमान पद्धतीत हिशोब खरोखरच सोपा झाला आणि पावकी-दिडकीची रोजची गरज सरली. त्याबद्दल हळहळण्यात अर्थ नाही. ज्या कामासाठी कौशल्य होतं ते कामच संपलं, तर कौशल्यही मागे पडतं.

आज मात्र प्रश्न बेरीज-वजाबाकीचा आहे आणि ते काम संपलेलं नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीने २०२३ मध्ये २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयोगटातल्या ३४,७४५ मुलामुलींना तपासलं. त्यात मराठवाड्यातला नांदेड जिल्हाही होता. तीन आकडी संख्येला एक आकडी संख्येने भागणं ४३.३ टक्क्यांनाच जमलं. मोजपट्टीच्या शून्यावर वस्तू ठेवली तर सुमारे ८५ टक्के मुलांनी लांबी बरोबर सांगितली. तीच वस्तू पुढे सरकवली तर जेमतेम ३९ टक्क्यांनी. यूट्यूबवर नेमका व्हिडिओ शोधणं मात्र मोबाईल घेऊन आलेल्यांतल्या जवळपास ८० टक्क्यांना येत होतं.

एवढं वाचून मोबाईलला आरोपी करायचा मोह होतो, पण याच संस्थेचे दुसरे आकडे त्याला आवर घालतात. ग्रामीण भारतात २०१८ साली सुमारे ३६ टक्के घरांत स्मार्टफोन होता, २०२२ साली सुमारे ७५ टक्के घरांत. पाचवीतल्या भागाकार येणाऱ्या मुलांचं प्रमाण २०१८ मध्ये २७.९ टक्के, टाळेबंदीनंतर २०२२ मध्ये २५.६ आणि २०२४ मध्ये ३०.७ टक्के. घरोघरी फोन पोचले तरी भागाकार बुडाला नाही, उलट थोडा सावरला. म्हणजे पुष्कळ मुलांच्या बाबतीत मोबाईलने काही हिरावलेलं नाही. ते त्यांना आधी मिळालंच नव्हतं.

तरीही यंत्राचा एक परिणाम खरा आहे. आपल्या डोक्यातली पाटी लहान असते. एका वेळी चार-पाच गोष्टीच तिच्यावर मावतात. ‘सात आठे छप्पन्न’ आपोआप ओठांवर आलं तर ती पाटी पुढच्या पायरीसाठी मोकळी राहते. प्रत्येक वेळी छप्पन्न शोधावे लागले तर मूळ प्रश्नच पुसला जातो. पाठांतराचा उपयोग हा. कष्टाने आठवलेलं टिकतं आणि आयतं मिळालेलं निसटतं, हाही अनुभव आहे.

म्हणून यंत्र कोणत्या क्षणी हातात येतं याला महत्त्व आहे. १९८६ मध्ये हेम्ब्री आणि डेसार्ट या अमेरिकी संशोधकांनी कॅल्क्युलेटरवरच्या ७९ अभ्यासांचा आढावा घेतला. नेहमीच्या शिकवण्याबरोबर तो वापरला तर बहुतेक इयत्तांत मुलांची मूलभूत आकडेमोड बिघडली नव्हती, अपवाद चौथीचा. अलीकडे तुर्कस्तानात सुमारे हजार विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. त्यांतल्या काहींना गणिताच्या सरावासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत देण्यात आली, काहींना नाही. थेट उत्तर देणारं साधन वापरणाऱ्यांचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ते साधन कधीच न मिळालेल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी खाली आले. उत्तर न देता फक्त इशारा देणारं साधन ज्यांना मिळालं, त्यांचं असं नुकसान जवळपास झालं नाही. तंत्रज्ञान तेच होतं. फरक पडला तो मुलाच्या वाट्याला विचार उरला की नाही, यामुळे.

घरात हे तत्त्व तीन पायऱ्यांत वापरता येतं. पहिली, बटण दाबण्याआधी तोंडाने आकडा सांगायचा. चुकला तरी चालेल, पण उत्तर हजारात की लाखात हे ठरलं पाहिजे. दुसरी, मग खुशाल कॅल्क्युलेटर. तिसरी, दोन आकडे फार लांब पडले तर पुन्हा बटणं न दाबता आधी कुठे घसरलो ते शोधायचं. कृत्रिम बुद्धिमत्तेला प्रश्न विचारतानाही ‘उत्तर दे’ऐवजी ‘पुढची पायरी सुचव’ म्हणायचं.

याची गरज शाळेपुरती नाही. दरमहा शेकडा दीडने ७०,००० रुपये उचलले तर महिन्याचं व्याज किती? सातशे शेकडे, दिडकीत सातशे म्हणजे १,०५०. वर्षाचे १२,६००. हप्ता किती बसेल ते मोबाईल चटकन दाखवतो. हे कर्ज घ्यावं की नाही, ते हिशोब समजलेल्या माणसालाच ठरवावं लागतं.

मोंढ्यातल्या त्या मुलाला गुणाकार येत असेलही. ‘एवढे कसे होतील?’ हे स्वतःला विचारायची सवय त्याला लागलेली नव्हती, आणि ती लावणं मोठ्यांच्या हातात आहे. पुढची पट्टी किंवा किराण्याची यादी हातात आली की लेकराला आधी विचारा, ‘किती होतील?’ आणि ते सांगेपर्यंत मोबाईल आपल्या खिशात राहू द्या.