अ‍ॅटनबरो हे आडनाव आलं कुठून? एका परक्या आडनावावरून घेतलेला तास



गेल्या वर्षी मी पाचवीच्या मुलांना 'माझ्या आडनावाची गोष्ट' असा उपक्रम दिला होता. घरी विचारून या आणि दहा ओळी लिहून आणा, एवढंच. बरीच मुलं उत्साहाने लिहून आली. कुणाच्या घरी वतनाची गोष्ट होती, कुणाच्या घरी किल्ल्याची. एक मुलगा मात्र कोरी वही पुढे ठेवून खाली मान घालून बसला होता. मधल्या सुट्टीत जवळ बोलावून विचारलं, तर म्हणाला, "बाई, आई म्हणाली काही लिहू नको."

चूक माझी होती. आपल्याकडे आडनाव विचारणं हा नेहमीच साधा प्रश्न नसतो. नोकरीला लागल्यावर भाड्याची खोली शोधताना मी स्वतः हे अनुभवलं होतं. भाडं किती ते सांगायच्या आधी आडनाव विचारलं जायचं. तरीही वर्गात तोच प्रश्न मी इतक्या सहज विचारून बसले.

म्हणून यंदा ठरवलं की आडनावांचा तास घ्यायचा, पण वर्गातल्या कोणाच्याच आडनावावरून नाही. असं लांबचं आडनाव घ्यायचं की ज्याचा वर्गात कुणाला गर्वही नाही आणि कुणाला संकोचही नाही. ते आडनाव मुलांनीच मिळवून दिलं. प्राण्यांवरची एक फिल्म दाखवत होते. ती संपल्यावर एकाने विचारलं, "बाई, ते आजोबा बोलतात ना, त्यांच्या नावाचा अर्थ काय? अ‍ॅटनबरो म्हणजे काय?"

नाव ओळखीचं, पण आडनाव दुर्मीळ

डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचा आवाज जगभर ओळखीचा आहे. त्यांचे थोरले भाऊ रिचर्ड अ‍ॅटनबरो यांनी १९८२ साली 'गांधी' चित्रपट केला. त्यातला काही भाग पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये चित्रित झाला होता. याच चित्रपटाच्या वेशभूषेसाठी आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्यामुळे हे नाव आपल्या कानाला परकं नाही. पण इंग्लंडमध्ये स्मिथ किंवा जोन्स जसे गल्लोगल्ली भेटतात, तसे अ‍ॅटनबरो भेटत नाहीत. तिथे हे मोजक्याच घरांचं आडनाव आहे.

मग ते आलं कुठून? याचं उत्तर शोधायला मी मुलांना तीन साक्षीदार दिले: शब्दकोश, नकाशा आणि माणसाचं शरीर.

आधी थोडं इंग्लंडच्या आडनावांबद्दल

हजार वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या सामान्य माणसाला आडनावच नव्हतं. एकच नाव असायचं. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्या सरदारांबरोबर घराण्याचं नाव लावायची पद्धत आली. पुढच्या तीनशे वर्षांत ती हळूहळू शेतकरी-कारागिरांपर्यंत झिरपली. एका गावात दहा जॉन असले तर हिशेब ठेवणाऱ्याने काय करायचं? १३७७, १३७९ आणि १३८१ साली राजाने डोईपट्टी बसवली, तेव्हाच्या याद्यांत 'अमका जॉन', 'तमका जॉन' असे जॉन वेगवेगळे लिहिलेले सापडतात. साधारण १४०० पर्यंत बहुतेकांना आडनाव मिळालं आणि बापाचं आडनाव मुलाला लागू लागलं. १५३८ पासून चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवणं सक्तीचं झालं, तेव्हा ही आडनावं कागदावर आणखी पक्की झाली.

ही आडनावं मुख्यतः चार प्रकारे पडली. बापाच्या नावावरून (जॉनचा मुलगा जॉन्सन), धंद्यावरून (लोहार तो स्मिथ, शिंपी तो टेलर), रूपा-स्वभावावरून (ठेंगणा तो शॉर्ट) आणि जागेवरून. मुलांना हे समजायला दोन मिनिटंही लागली नाहीत, कारण आपल्याकडेही असंच आहे.

पहिला साक्षीदार: शब्दकोश

अ‍ॅटनबरो या शब्दाच्या शेवटी 'बरो' आहे. जुन्या इंग्रजीत 'बुर्ह' म्हणजे तटबंदी असलेली जागा. आपल्याकडे गावाच्या नावात 'गड' किंवा 'कोट' येतो, तसंच हे. पीटरबरो, मिडल्सबरो, एडिनबर्ग या सगळ्यांत तोच शब्द वेगवेगळ्या रूपांत बसलेला आहे.

पुढच्या भागाचे मात्र दोन अर्थ निघतात आणि शब्दकोश तिथे अडतो.

पहिला अर्थ असा. इंग्लंडच्या मध्यभागी, नॉटिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येला, ट्रेंट नदीकाठी अ‍ॅटनबरो नावाचं एक गाव आहे. गावाच्या नावाचा अर्थ 'अ‍ॅडा नावाच्या माणसाची तटबंदी' असा लावतात. म्हणजे अ‍ॅटनबरो हे 'त्या गावचे'.

दुसरा अर्थ असा. मध्ययुगीन इंग्रजीत 'अ‍ॅटन' म्हणजे 'च्या जवळ, च्यापाशी'. वनाजवळ राहणारा तो अ‍ॅटवुड, विहिरीजवळचा तो अ‍ॅटवेल. 'अ‍ॅटन अ‍ॅश', म्हणजे अ‍ॅश झाडापाशी राहणारा, याचं तर बोलता बोलता 'नॅश' झालं. मागच्या शब्दाचा न पुढच्या शब्दाला चिकटला! (हे मुलांना फार आवडलं. दिवसभर झाडांना न जोडून आडनावं तयार करणं चाललं होतं.) या हिशेबाने अ‍ॅटनबरो म्हणजे 'तटबंदीपाशी राहणारा'.

दोन्ही अर्थ पटण्यासारखे. मग खरा कोणता?

दुसरा साक्षीदार: नकाशा

इथे मी मुलांना विचारलं, "तटबंदीच्या जागा इंग्लंडभर होत्या. 'तटबंदीपाशी राहणारा' हा अर्थ खरा असेल, तर या आडनावाची माणसं कुठे सापडायला हवीत?" एक मुलगी लगेच म्हणाली, "सगळीकडे." बरोबर. आणि ती एकाच गावावरून आली असतील तर? "त्या गावाच्या आजूबाजूला."

ब्रिटनमध्ये १८८१ च्या जनगणनेच्या घरोघरच्या नोंदी उपलब्ध आहेत. त्यावरून कुठलं आडनाव कुठे दाट आहे याचे नकाशे काढता येतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या भूगोलाच्या अभ्यासकांनी अशी हजारो आडनावं नकाशावर मांडली आणि १९९८ च्या यादीशी ताडून पाहिली. रेल्वे आली, कारखाने आले, दोन महायुद्धं झाली, तरी कितीतरी आडनावं आपल्या मूळ भागातच दाट राहिलेली दिसली. अ‍ॅटनबरो हे त्यातलंच एक. नॉटिंगहॅमशायर आणि त्याला लागून असलेला डर्बीशायर इथे ते दाट आहे, बाकी देशात विरळ.

लंडनमध्येही हे नाव पोचलं होतं. एकोणिसाव्या शतकात वस्तू गहाण ठेवून पैसे देणाऱ्या तिथल्या पेढ्यांवर अ‍ॅटनबरो हे नाव प्रसिद्ध होतं. पण मोठ्या शहरात सगळीकडची माणसं येतात, त्यामुळे शहरातल्या संख्येवरून आडनावाचं मूळ ठरत नाही. मूळ ठरतं ते खेड्यापाड्यांतल्या दाटीवरून.

म्हणजे नकाशाने कौल दिला तो गावाच्या बाजूने.

आता एक गंमत. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव आडनाव म्हणून मिळत नाही! साताऱ्यात कोणी कोणाला सातारकर म्हणेल का? तो पुण्याला आला की सातारकर होतो. अ‍ॅटनबरो गावातही तसंच झालं असणार. तिथून निघून कोणी दुसऱ्या गावी कामाला गेला आणि तिथल्या लोकांनी त्याला 'अ‍ॅटनबरोचा' म्हटलं. तेव्हा गावावरून पडलेलं आडनाव ही स्थलांतराची नोंद आहे. मात्र त्या काळी माणसं सहसा फार लांब जात नसत. एका दिवसात पायी जाऊन येता येईल अशा टापूतच मजुरी, लग्न, बाजार व्हायचा. म्हणून आडनावं मूळ गावाच्या आसपास राहिली. डेव्हिड आणि रिचर्ड यांचे वडील फ्रेडरिक अ‍ॅटनबरो यांचा जन्म १८८७ साली स्टेपलफर्डला झाला. अ‍ॅटनबरो गावापासून ते जेमतेम चार-पाच किलोमीटरवर आहे!

तिसरा साक्षीदार: शरीर

पुरुषांच्या शरीरात वाय गुणसूत्र असतं. ते बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं, इंग्लंडमधल्या आडनावासारखंच. मग एका आडनावाच्या पुरुषांचं वाय गुणसूत्र सारखं असेल का? लेस्टर विद्यापीठातले टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ४० आडनावांच्या सुमारे १,७०० पुरुषांवर हा अभ्यास प्रसिद्ध केला.

स्मिथ मंडळींत काहीच विशेष साम्य सापडलं नाही. साहजिक आहे, लोहार गावोगावी होते आणि प्रत्येक गावात वेगळा स्मिथ तयार झाला. पण दुर्मीळ आडनावांत चित्र पालटलं. अ‍ॅटनबरो आडनावाच्या पुरुषांपैकी ७० टक्क्यांहून जास्त जणांचं वाय गुणसूत्र एकसारखं किंवा जवळपास एकसारखं निघालं. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीच्या एकाच पूर्वजाकडे त्यांची रेघ जाते. तिसरी साक्षही नकाशाशी जुळली.

मग उरलेले? कुणी दत्तक गेलेलं, कुणी आईचं आडनाव लावलेलं, कुणी सावत्र वडिलांचं, कुणी आपण होऊन घेतलेलं. रक्ताची रेघ वेगळी, पण तेही तितकेच अ‍ॅटनबरो. हे वाक्य मी वर्गात दोनदा म्हटलं.

फाशांचा खेळ

"बाई, म्हणजे पहिला अ‍ॅटनबरो एकच होता?" तसंही खात्रीने म्हणता येत नाही. दोन-तीन घरांनी हे नाव घेतलं असेल आणि बाकीची नुसत्या नशिबाने संपली असतील. हे समजावण्यासाठी आम्ही फासे घेतले. तुम्हीही करून बघा:

१. बारा मुलांना बारा काल्पनिक आडनावं द्या. (खरी देऊ नका.) प्रत्येकाकडे एक खडा.
२. प्रत्येक खड्यासाठी फासा टाका. १ किंवा २ पडले तर मुलगा नाही, खडा परत. ३ किंवा ४ पडले तर एक मुलगा, खडा तसाच. ५ किंवा ६ पडले तर दोन मुलगे, आणखी एक खडा.
३. ही एक पिढी झाली. अशा पाच पिढ्या खेळा.

पाच पिढ्यांनंतर बारापैकी साधारण चारच आडनावं उरतात. आमच्याकडे तीन उरली, आणि एकीकडे तर खड्यांचा ढीग झाला होता! ती जिंकल्यासारखी नाचायला लागली. मी विचारलं, "तू काय केलंस जिंकायला?" ती थांबली. म्हणाली, "काहीच नाही, फासा पडला." तासाभरात मला जे शिकवायचं होतं ते या एका वाक्यात आलं. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७३ साली हाच प्रश्न गणितज्ञांपुढे ठेवला होता, आणि पुढच्याच वर्षी हेन्री वॉटसन यांच्या मदतीने त्यावर निबंध लिहिला. आजही हे गणित त्या दोघांच्या नावाने ओळखलं जातं.

तेवढ्यात मागून एक मुलगी उठली. "बाई, या खेळात मुली कुठे आहेत?"

मी फळ्यावर लिहिलं: *आडनाव संपतं, माणसं संपत नाहीत.* ज्या घरात मुलगे नव्हते, त्या घरातल्या मुली होत्याच, त्यांची मुलंबाळंही झाली. फक्त कागदावर त्यांची रेघ दिसत नाही. आडनाव आपल्या अनेक पूर्वजांपैकी एकाच रेघेची गोष्ट सांगतं. चार पिढ्या मागे गेलं तर प्रत्येकाला सोळा खापरपणजोबा-खापरपणज्या असतात. आडनावाला त्यातला एकच माहीत असतो.

घरी-वर्गात बोलताना

माझी एक विनंती आहे. आडनावांवर बोलायचं असेल तर सुरुवात मुलांच्या आडनावांपासून करू नका. आधी असं लांबचं उदाहरण घ्या. आडनाव म्हणजे कोण, कुठून, कधी निघालं याची जुनी चिठ्ठी आहे. तिच्यात गाव सापडेल, धंदा सापडेल, माणसाची लायकी सापडणार नाही. हे एकदा मुलांच्या मनात बसलं, की मग ज्याला वाटेल त्याने स्वतःच्या आडनावाबद्दल बोलावं. ज्याला नाही बोलायचं त्याला कोरी वही ठेवायची मोकळीक असावी.

ट्रेंटकाठच्या त्या गावात आज वाळू-खडीच्या जुन्या खाणींत पाणी साचून तळी झाली आहेत आणि तिथे पक्ष्यांचं राखीव क्षेत्र आहे. १९६६ साली त्याचं उद्घाटन डेव्हिड अ‍ॅटनबरो यांनीच केलं. हे सांगितलं तेव्हा तो पहिला प्रश्न विचारणारा मुलगा म्हणाला, "म्हणजे ते त्यांच्या आडनावाच्या गावाला जाऊन आले!" मग जरा थांबून म्हणाला, "बाई, माझ्या आडनावाचं पण गाव आहे. मी नकाशात शोधू का?"

मी विचारलं नव्हतं. त्याने स्वतःहून विचारलं. भिंतीवरचा नकाशा काढून मी त्याच्यासमोर बाकावर पसरला.