प्रवाहाची वाट तळ ठरवतो

आपल्या देगलूरच्या लेंडी नदीचे पाणी मांजरेत, तेथून गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. नदीला काठ असतात, म्हणून ती वाट सोडत नाही. समुद्रातल्या प्रवाहांना मात्र असे काठ नसतात. तरीही काही प्रवाह ठरल्या वाटेने वाहतात, तर काही नागमोडी होऊन भोवरे सोडतात. असे का? याचे उत्तर बऱ्याच अंशी समुद्राच्या तळाशी आहे.

किनाऱ्यालगतच्या उथळ तळाला समुद्रबूड जमीन म्हणतात. मुंबईसमोर ती सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे; दक्षिणेकडे ती अरुंद होत जाते. तिच्यापुढे तळ झपाट्याने खोल जातो, तो खंडान्त उतार. किनाऱ्यालगतचे मोठे प्रवाह बहुधा या उताराच्या कडेने वाहतात.

पृथ्वीबरोबर समुद्रातले पाणीही फिरत असते. प्रवाह खोल भागाकडे सरकला, की पाण्याचा स्तंभ उंच आणि बारीक होतो. फुगडीत मुली जवळ आल्या की गिरकी वाढते, तशी त्याची गिरकी वाढते. उथळ भागाकडे सरकल्यास ती मंदावते. या फरकामुळे पाणी पुन्हा मूळ खोलीकडे वळते. उतार तीव्र असेल तर ही ओढही जास्त.

आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरचा अगुल्हास प्रवाह याचे उत्तम उदाहरण आहे. तीव्र उतारालगत तो फारसा ढळत नाही. पण डरबानच्या उत्तरेला समुद्रबूड जमीन रुंदावते, उतार सौम्य होतो आणि तेथेच अधूनमधून मोठे वळण तयार होऊन पुढे सरकते.

आपल्या पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे, हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. येथे वाऱ्याचा जोर मोठा. तळ वाट देतो, पण स्थैर्य एकट्या तळावर अवलंबून नसते.

मग मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचा याच्याशी काय संबंध? मान्सूनच्या अंदाजासाठी संगणकात आज हवेबरोबर समुद्रही मांडावा लागतो. तळ चुकीचा मांडला तर प्रवाह चुकतो आणि पाण्याची उष्णता भलत्याच जागी दिसते. जगातल्या समुद्रतळाचा जेमतेम चौथा हिस्सा आजवर बारकाईने मोजला गेला आहे. उरलेला तळ मोजणे हे काम समुद्रावरचे असले, तरी त्याचा उपयोग पेरणीसाठी आभाळाकडे पाहणाऱ्या आपल्यालाही आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)