कोरड्या पात्राविषयीचे काही भ्रम

मराठवाडा म्हणजे काळ्या रानाचा सपाट आणि सदा तहानलेला मुलूख, दरी-कपार पाहावयाची तर सह्याद्रीच गाठावयास हवा, ही समजूत पुण्या-मुंबईकडच्यांचीच नव्हे, तर मांजरेच्या काठी वाढलेल्या लातूरकरांचीही आहे. परंतु जी पैनगंगा एके काळी निजामाचे राज्य आणि वऱ्हाड यांची सरहद्द होती, तीच नांदेड जिल्ह्यात इस्लापूरजवळ, सहस्रकुंड येथे, काळ्या कातळावरून अनेक धारांनी कोसळते आणि पुढे खडकांतून वाट काढीत जाते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट तालुका आणि इस्लापूर सर्कल आदिलाबादेतून इकडे आले नसते, तर हा काठ आज तेलंगणाच्या दफ्तरी असता.

हा प्रदेश वाळवंटी आहे, असेही सर्रास म्हटले जाते. वर्षाला अडीचशे मिलिमीटरहून कमी पाऊस ही वाळवंटाची ढोबळ कसोटी धरली, तर सातशेच्या वर सरासरी असलेले लातूर त्यात बसत नाही. किनवटकडे तर पाऊस त्याहूनही अधिक. तो पडतो मात्र मोजक्या दिवसांत, आणि उरलेले वर्ष नदी आपला खडक उघडा टाकून बसते. ज्यांनी दरीतून चालण्याचा कधी सराव केलेला नाही, त्यांना हाच काळ सोयीचा; डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम, कारण एप्रिलात हाच काळा दगड इतका तापतो की त्यावर हात टेकवत नाही.

धातूसारख्या चकाकणाऱ्या या खडकात पोलादाचा अंश असावा, असे सांगणारे काठावर भेटतात. वस्तुतः सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा तो बेसाल्ट असून, पुराबरोबर येणाऱ्या गाळ-वाळूने त्याला घासून तकाकी आणली आहे. पात्रातले रांजणखळगेही कोणी कोरलेले नव्हेत: भोवऱ्यात सापडलेला गोटा गरगरत खडक पोखरतो, आणि पाणी ओसरल्यावर खळग्याच्या तळाशी तो गोटा, झिजून गुळगुळीत झालेला, पुष्कळदा सापडतोही. कुकडीकाठच्या निघोजची ख्याती याच करामतीवर उभी आहे.

या साऱ्यांहून घातक भ्रम एकच: आभाळ निरभ्र असेल तर नदी सुरक्षित. लातूरला २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ते ज्यांनी पाहिले, त्यांना पाण्याचा धाक वाटेनासा व्हावा, हे मी समजू शकतो. पण पैनगंगा बुलढाण्याकडून येते, वर इसापूरचे धरण आहे, आणि तिकडे पडलेला पाऊस किंवा सोडलेला विसर्ग इकडच्या कोरड्या कातळावर ढगाचा मागमूस नसतानाही येऊन आदळू शकतो. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या अँटिलोप कॅन्यनमध्ये १२ ऑगस्ट १९९७ रोजी दूरवरच्या वादळाचा लोंढा शिरून अकरा जण बुडाले. पात्रात उतरण्यापूर्वी काठावरच्या झुडपांच्या फांद्यांत अडकलेले वाळके गवत आणि काटक्या कोणत्या उंचीवर आहेत, हे पाहून घ्यावे. मागच्या पुराची पातळी ती, आणि बहुधा ती डोक्याच्या वर असते. पावसाळ्यात धबधबा काठावरूनच पाहावा.

दोरखंडाचे साहित्य मात्र लागत नाही. पोहोचणेही अवघड नाही: मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर सहस्रकुंड नावाचे स्थानकच आहे. पकड असलेले जोडे आणि घरून आणलेले पाणी पुरे. डोहाचे पाणी नितळ दिसले तरी ते पिऊ नये, आणि त्याचा तळ दिसत असला तरी त्यात उडी टाकू नये.