इमारत हिरवी, पण वाट कशी?

एखादे घर चांगले की वाईट, हे आपण कशावरून ठरवितो? भिंती पक्क्या असाव्यात, छप्पर गळू नये, खिडक्यांतून वारा यावा, एवढ्यावर आपले समाधान होते. घरात येणारी माणसे कोणत्या वाटेने व कशी येतात, हे आपण पाहात नाही. परंतु शहरांतील मोठ्या कचेऱ्यांना आज हा प्रश्न विचारला जातो. आपल्या गावांतून तेथे नोकरीस गेलेल्या मुलामुलींच्या हाती त्याची प्रश्नावली येऊ शकते, म्हणून तिची हकीकत वाचकांस सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अमेरिकेत १९९३ साली ‘यू. एस. ग्रीन बिल्डिंग कौन्सिल’ ही संस्था स्थापन झाली. इमारतींची परीक्षा घेण्यासाठी तिने ‘लीड’ नावाची पद्धत काढली. वीज किती जळते, पाणी किती लागते, कचऱ्याचे काय होते, अशा एकेका विषयास गुण द्यावयाचे व बेरजेप्रमाणे प्रमाणपत्र द्यावयाचे, अशी ही रीत. हैदराबाद येथील सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरच्या इमारतीस २००३ साली तिची सर्वोच्च, म्हणजे प्लॅटिनम श्रेणी मिळाली. अमेरिकेबाहेर हा मान मिळविणारी ती पहिली इमारत होय.

आता या परीक्षेत प्रवासाचा संबंध कोठे आला? साधा हिशेब करून पाहू. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन वायू हवेत जातो. जाऊन-येऊन ३० किलोमीटर अंतर, आणि मोटार लिटरला १५ किलोमीटर धावते, असे धरले तर दिवसाला २ लिटर पेट्रोल व ४.६ किलो वायू होतो. वर्षाच्या २५० कामाच्या दिवसांत हा आकडा १,१५० किलोवर जातो, तोही एका माणसामागे! त्याच मोटारीतून चौघे आले, तर प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे २८८ किलो येतात. कचेरीने दिवे विझवून जे वाचविले, ते रस्त्यावर उधळले जाऊ नये, हा या प्रश्नाचा हेतू.

चालू इमारतींसाठी केलेल्या २००९ सालच्या नियमांत याची मोजणी अशी होती: प्रत्येक जण एकटाच मोटारीने येतो असे प्रथम गृहीत धरावयाचे. मग प्रश्नावलीवरून कोण पायी, कोण सायकलने, कोण बसने वा आगगाडीने, कोण सोबत्याच्या मोटारीतून येतो, ते पाहावयाचे. अशा फेऱ्या शेकडा १० नी घटल्या तर ३ गुण, शेकडा ७५ नी घटल्या तर १५ गुण. पुढील नियमांत अंतर व वाहन यांवरून माणशी कार्बनचाच हिशेब करू लागले.

परंतु हा सारा डोलारा उत्तरांच्या खरेपणावर उभा आहे. साहेबांस बरे वाटावे म्हणून मोटारसायकलवर येणाऱ्याने ‘बस’ लिहिले, तर प्रमाणपत्र भिंतीवर लागेल, धूर मात्र कमी होणार नाही. दुसरा दोष याहून सहज घडतो. प्रश्नावली पुष्कळदा संगणकावर, इंग्रजीत येते. झाडणाऱ्या बाई, पहारेकरी, उपाहारगृहातील मुलगा यांच्यापर्यंत ती पोहोचतेच असे नाही. रोज त्याच इमारतीत राबणारी ही माणसे मोजणीतून सुटली, तर ती मोजणी अपुरी होय.

आणि ती मोजली गेली, तरी एक गोष्ट विसरू नये. साहेब हौसेने सायकलवर येतो. झाडणाऱ्या बाई बसभाडे वाचविण्यासाठी दोन कोस चालत येतात. कागदावर दोघांचेही पुण्य सारखेच! त्यांच्या चालण्याने इमारतीस गुण मिळत असतील, तर त्यांच्या वाटेवर दिवा असावा, चालण्यास नीट पदपथ असावा, रात्रपाळी सुटताना बस असावी, हे पाहणे त्या इमारतीचे ऋण नव्हे काय?

तेव्हा आपल्या मुलांस आमचे एवढेच सांगणे आहे. असा कागद हाती आला तर जसे येता तसेच लिहा. आणि शेजारी झाडू घेऊन उभ्या असलेल्या मावशींस कोणी विचारले की नाही, तेही पाहा.