डेक नवा, वायर जुनी

सोसायटीच्या पार्किंगमधल्या जुन्या गाडीतून जळका वास आला की निदान ठरलेलं असतं. निम्मे म्हणतात सीएनजी किट, उरलेले म्हणतात, "मागच्या महिन्यात म्युझिक सिस्टीम बसवली ना, त्याचंच असणार." दुसरा आरोप अगदीच खोटा नसतो, फक्त आरोपी चुकतो. डेक स्वतः सहसा जळत नाही. त्याच्या पाठीला फ्यूज असतो आणि आतल्या सर्किटला स्वतःचं संरक्षणही असतं. जळते ती डेकपर्यंत आणलेली वायर, आणि तिच्याबद्दल गिऱ्हाईक दुकानात एक शब्द विचारत नाही.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ पर्यंत बनत होती. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी त्याच्या बरीच आधी थांबली. मुंबईतली तिची शेवटची काळी-पिवळी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. खासगी पद्मिन्या आणि एमएच-०२ पाटीच्या ८०० मात्र मालाडच्या गल्ल्यांत अजून दिसतात. अशा गाडीचे तीन-चार मालक सहज झालेले असतात आणि प्रत्येकाने आपापल्या काळाचं यंत्र बसवलेलं असतं: आधी कॅसेट, मग सीडी, मग यूएसबी, आता अँड्रॉइड स्क्रीन. प्रत्येक वेळी नव्या वायरमनने जुन्याची वायर कापून पुढे आपली जोडली. डेक बाहेर ओढला की मागे हा सगळा इतिहास लोंबत येतो. काळी टेप चिकट होऊन ओघळलेली, एका लाल वायरला पुढे निळी जोडलेली, तिला पुढे पांढरी, आणि एखादं टोक उघडंच डॅशच्या पत्र्याला टेकून बसलेलं. नवा डेक आपण या गोंधळावर बसवतो.

"रंग जुळवून जोडायचं, त्यात काय अवघड?"

नव्या डेकच्या वायरचे रंग बहुतेक कंपन्यांत सारखेच असतात. पिवळी म्हणजे कायम चालू बारा व्होल्ट, लाल म्हणजे चावीवर येणारा करंट, काळी अर्थ. नारिंगी पार्किंग लाइटबरोबर डिस्प्ले मंद करते, निळी अँटेनाला किंवा अँप्लिफायरला "जागा हो" एवढाच निरोप देते. स्पीकरच्या जोड्या चार: पांढरी पुढच्या डाव्याची, करडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची, जांभळी मागच्या उजव्याची. ज्या वायरवर काळा पट्टा ती त्या जोडीतली मायनस.

हे रंग डेकचे झाले. गाडीच्या रंगांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. गाडीतली लाल वायर हॉर्नची असू शकते, पिवळी इंडिकेटरची. त्यातून मधल्या वायरमनने हाताला लागेल त्या रंगाचा तुकडा जोडलेला असतो. एका नमुन्याचा कपलर असलेल्या गाड्यांतही पिवळी-लालची अदलाबदल सापडते. काही युरोपीय गाड्यांत ती कारखान्यातूनच तशी येते. म्हणूनच काही डेकच्या या दोन वायरींवर मध्येच खेचून सुटणारे जोड दिलेले असतात.

ही अदलाबदल झाल्याची खूण सोपी आहे. चावी काढून परत लावली की घड्याळ नव्याने सुरू होतं आणि साठवलेली स्टेशनं गायब. अशा वेळी डेक बदलून आणू नका, वायर बदला.

खात्री करायची तर मल्टिमीटर हवा. काळा प्रोब उघड्या पत्र्यावर ठेवायचा, लाल प्रोब एकेका वायरवर. चावी काढलेली असताना बारा व्होल्ट दाखवणारी वायर पिवळीला. चावी फिरवल्यावरच जिवंत होते ती लालला. पार्किंग लाइट लावल्यावर जागी होते ती नारिंगीला. ट्यूबवाल्या टेस्टरने हे काम होत नाही, तो घरच्या २३० व्होल्टसाठी असतो.

"पिवळी आणि लाल एकत्र करून टाका, डायरेक्ट"

चावीची वायर सापडेना की हा तोडगा येतो. डेक चालतो, गिऱ्हाईक खूश. पण डेकला आता चावी काढल्याचं कधी कळतच नाही. बटणाने बंद केला तरी अनेक डेक अर्धवट जागे राहतात. असा डेक समजा अर्धा अँपिअर खात राहिला, तर दिवसाला १२ अँपिअर-अवर गेले. ८०० सारख्या लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ ची. शनिवारी लावलेली गाडी सोमवारी सकाळी नुसती टकटक करते आणि शिव्या बॅटरी कंपनीला बसतात. नीट जोडलेला डेक बंद असताना काही मिलिअँपिअरच घेतो. सगळ्या गाडीची झोपेतली भूक ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर चिंता नको.

चावीचा करंट फ्यूज बॉक्समधल्या अ‍ॅक्सेसरीच्या लाइनवरून घ्यावा. इग्निशन कॉइलच्या वायरीला टोचून घेतला तर स्पार्कचा सगळा कचरा गाण्यात उतरतो.

"फ्यूज उडतोय म्हणजे लहान आहे, मोठा टाका"

आगीचं खरं मूळ इथे आहे. फ्यूज डेकला वाचवायला असतो असं सगळ्यांना वाटतं. मुळात तो वायरला वाचवायला असतो. गाडीची बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सोडू शकते. मधे फ्यूज नसेल तर बारीक वायर हीटरच्या कॉइलसारखी लाल होते, आणि तिच्या आजूबाजूला असतं कार्पेट, फोम, प्लास्टिक. निळ्या १५ च्या जागी हिरवा ३० चा पानफ्यूज टाकला, किंवा पद्मिनीच्या चिनी मातीच्या फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळली, की फ्यूज उडणं थांबतं. शॉर्ट तसाच राहतो.

दुसरी गोष्ट फ्यूजच्या जागेची. डेकच्या पाठीचा फ्यूज डेकच्या आतला बिघाड पकडतो. बॅटरीपासून डॅशपर्यंत येणारी वायर फायरवॉलच्या भोकाच्या धारेवर घासून उघडी पडली, तर तो काहीच करू शकत नाही, कारण शॉर्ट त्याच्या अलीकडे झालेला असतो. म्हणून बॅटरीवरून थेट घेतलेल्या वायरला बॅटरीपासून वीत-दीडवीत अंतरात फ्यूज होल्डर हवा, आणि पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट हवा. दोन्ही वस्तू किरकोळ किमतीच्या. डेकवर हजारो रुपये घालणारा माणूस नेमका इथे "राहू दे" म्हणतो, हे मला आजवर समजलेलं नाही.

"स्पीकरची मायनस बॉडीला अर्थ केली तरी चालते"

पूर्वी चालत होती, पंचाईत तीच आहे. जुन्या रेडिओत स्पीकरचं एक टोक रेडिओला आणि दुसरं सरळ बॉडीला जोडत. वायर वाचायची आणि आवाजही यायचा. काही गाड्यांत दोन्ही बाजूच्या स्पीकरची मायनस एकाच वायरने परत आणलेली असते. त्या काळात गाड्या जोडत आलेला वायरमन आजही बिनधास्त तसंच करतो.

आजच्या डेकची रचना वेगळी आहे. प्रत्येक स्पीकरमागे दोन अँप्लिफायर उलटसुलट ढकलत असतात. स्पीकरच्या प्लस आणि मायनस या दोन्ही टोकांवर बॅटरीच्या साधारण निम्मा, म्हणजे सहा-सात व्होल्ट दाब कायम असतो. आवाज निघतो तो या दोघांतल्या फरकातून. त्यामुळे काळ्या पट्ट्याची वायर मायनस म्हणवत असली तरी अर्थ नव्हे. ती बॉडीला लावली की अँप्लिफायरचं ते टोक शॉर्ट झालं. चांगला डेक संरक्षण म्हणून गप्प बसतो, स्वस्तातला आयसी जाळून घेतो. दोन स्पीकरची मायनस एकत्र बांधली तरी गत तीच.

जुन्या गाडीत नवा डेक "दोन दिवसांत गेला" तर आधी हे तपासावं. डेक सोडवायचा, मल्टिमीटर रोधावर लावायचा. स्पीकरच्या दोन वायरींमध्ये तीन-चार ओहम दिसले पाहिजेत, आणि कुठल्याही वायरीपासून बॉडीपर्यंत काहीच दिसता कामा नये. दिसलं तर जुनी वायर सोडून प्रत्येक स्पीकरला नव्या दोन वायरी ओढाव्यात. ८०० एवढ्याशा गाडीत हे एका दुपारचं काम आहे.

कुठली जोडी कुठल्या स्पीकरची हे शोधायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. सेलची टोकं दोन वायरींना क्षणभर टेकवली की त्या दारातून खर्र आवाज येतो. जाळी काढून पाहिलं तर कागद हलताना दिसतो: बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेली वायर स्पीकरची प्लस, आत गेला तर उलट. हे उलटसुलट झाल्याने काही जळत नाही, पण दोन स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध ढकलतात आणि बास नाहीसा होतो. लोक मग मोठे स्पीकर घ्यायला निघतात.

"खोक्यावर ५० गुणिले ४ लिहिलंय, म्हणजे २०० वॅट"

डेकच्या मागे फ्यूज किती अँपिअरचा ते बघा. बहुतेक १० किंवा १५. इंजिन चालू असताना गाडीत १४.४ व्होल्टच्या आसपास असतात. १५ ने गुणलं तर डेक आत घेऊ शकतो ते २१६ वॅट. त्यातला बराच भाग उष्णतेत जातो, म्हणून तर डेकची पाठ तापते. दुसरा हिशोब त्याहून कडक आहे. १४.४ व्होल्टवर चार ओहमच्या स्पीकरला कागदावरही २६ वॅटच्या वर देता येत नाहीत. बारीक अक्षरात १७ ते २२ वॅट आरएमएस लिहिलेलं सापडेल, तो खरा आकडा. ५० हा क्षणभराचा उसळलेला आकडा. मात्र २० वॅट म्हणजे थोडे नव्हेत. काचा लावलेल्या ८०० मध्ये लिंक रोडच्या ट्रॅफिकवर मात करायला ते पुरतात.

"शिट्टी येतेय, फिल्टर बसवा"

आवाज ओळखा. अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी अल्टरनेटरची, टिकटिक स्पार्कची. पहिलीचं कारण बहुधा खराब अर्थ. डेकची काळी वायर डॅशच्या कुठल्याही स्क्रूला गुंडाळलेली असते, आणि त्या स्क्रूखाली रंग किंवा गंज असतो. पत्रा पॉलिशपेपरने चकचकीत करून लग आवळा, बॅटरीपासून बॉडीला येणारी अर्थपट्टीही साफ करा. टिकटिक असेल तर प्लगच्या वायरी आणि प्लग बघा. रोध असलेले प्लग याच कामासाठी मिळतात. फिल्टर हा शेवटचा उपाय, पण विकायला सोपा असल्याने पहिला सुचवला जातो.

"पिळलं, टेप मारली, काम पक्कं"

पुण्यात कदाचित चार उन्हाळे टिकेल. मालाडला एका बाजूला मार्वेची खाडी, दुसऱ्या बाजूला पावसाळ्यात तुंबणारा सबवे. उन्हात लावलेल्या गाडीचा डॅश इतका तापतो की टेपचा डिंक पातळ होऊन सुटतो, मग खारी हवा आत शिरते आणि तांब्यावर हिरवा थर धरते. जोडाचा रोध वाढतो, जोड तापतो, टेप आणखी सुटते. पिळलेल्या जोडाला डाग द्या किंवा नीट क्रिंप करा, वर हीट श्रिंक चढवा. जोड कार्पेटखाली ठेवू नका. सीटखालच्या अँप्लिफायरचं तेच: गाडीत घोटाभर पाणी शिरलं तर पहिला बळी तो.

"इन्शुरन्स आहे ना, मग काय!"

जुन्या गाडीची पॉलिसी बऱ्याचदा फक्त थर्ड पार्टी असते; तीत स्वतःच्या गाडीला लागलेल्या आगीचा पैसाही मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत आग धरलेली असते, पण गाडीच्या मूळ किमतीत नसलेली म्युझिक सिस्टीम आपोआप धरली जात नाही. तिची किंमत वेगळी सांगून त्यावर ४ टक्के जादा प्रीमियम भरावा लागतो. पॉलिसीवर ही नोंद आयएमटी २४ या क्रमांकाने दिसते. त्यासाठी दुकानाचं बिल जपून ठेवा. कच्च्या पावतीवर ही नोंद करून घेणं अवघड जातं.