थर्मल कॅमेऱ्याला चकवणारा रंग

लष्करी वाहनांना देतात त्या कमी उत्सर्जकतेच्या रंगाबद्दलचा सर्वात पक्का गैरसमज म्हणजे या रंगाने वाहन थंड होतं. होतं उलटंच. पृष्ठभागाने अवरक्त किरण कमी बाहेर टाकले की तेवढी उष्णता आतच राहते आणि पत्रा थोडा जास्तच तापतो. बदलतं ते फक्त कॅमेऱ्याला दिसणारं तापमान.

कारखान्यात थर्मल कॅमेरा घेऊन पॅनेल तपासणाऱ्या इलेक्ट्रिशियनला हे पक्कं ठाऊक असतं. चकचकीत तांब्याचा बसबार हात भाजेल इतका तापलेला असला तरी पडद्यावर गारच दिसतो. म्हणून सप्लाय बंद असतानाच त्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून ठेवतात. भार आल्यावर खरा आकडा त्या टेपवर उमटतो, कारण टेपची उत्सर्जकता 0.95 च्या आसपास असते आणि घासलेल्या तांब्याची जेमतेम 0.05.

रंगामुळे किती फरक पडतो? ढोबळ हिशेब करू. बॉनेट 60 अंशांवर आहे आणि आजूबाजूला 27 अंश. साध्या रंगात (0.9) ते कॅमेऱ्याला 57 अंशांचं वाटेल, 0.4 च्या लेपाखाली साधारण 41 चं. फरक मोठा आहे, पण ‘अदृश्य’ हा शब्द जाहिरातवाल्यांनाच लखलाभ.

शिवाय जो अपारदर्शक पृष्ठभाग कमी उत्सर्जित करतो, तो जास्त परावर्तित करतो. निरभ्र रात्री आकाश जमिनीपेक्षा कितीतरी थंड असतं. वर तोंड करून असलेला असा पत्रा तेच आकाश कॅमेऱ्याला दाखवतो आणि कोमट जमिनीवर काळा डाग होऊन उठून दिसतो. लपायचं तर पार्श्वभूमीशी जुळावं लागतं; फार थंड दिसूनही भागत नाही.

काळा रंग जास्त दिसतो आणि पांढरा कमी, हेही खरं नाही. थर्मल कॅमेऱ्याच्या 8 ते 14 मायक्रॉनच्या पट्ट्यात बहुतेक साधे रंग 0.9 च्या आगेमागेच असतात. स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन लेस्ली यांनी 1804 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतही काजळी आणि पांढरा कागद जवळपास सारखेच ठरले होते. मागे पडला तो चकचकीत धातू.

मग अॅल्युमिनियमची पूड रंगात कालवली की झालं? तेवढ्याने भागत नाही. पूड धरून ठेवणारं रेझिन स्वतःच अवरक्त किरण शोषतं आणि सोडतं, त्यामुळे रंगाला धातूच्या फॉइलइतकी कमी उत्सर्जकता येत नाही. वर चिखलाचा थर बसला की उरलासुरला फायदाही गेला.

आणि गच्चीवरचा ‘कूल रूफ’ पेंट म्हणजे हाच रंग नव्हे. तो ऊन परतवतो, पण त्याची उत्सर्जकता मुद्दाम जास्त ठेवलेली असते. चंदेरी रंगाची गच्चीही ऊन परतवते. दिवसभर साठलेली उष्णता रात्री सोडताना मात्र ती पांढऱ्या गच्चीपेक्षा बरीच खळखळ करते.