महाड-पोलादपूरच्या अंगणात अलियम

परदेशी बागांतले जांभळे गोल तुरे पाहिलेत? ती शोभेची अलियम, आपल्या कांदा-लसणाची भावंडं. त्यांच्या बहुतेक कंदांना फुलायला हिवाळाभर कडक थंडी लागते. सावित्रीच्या खोऱ्यात ती कुठली? महागडे आयात कंद घेऊच नका.

त्याऐवजी चिनी लसूणपात लावा. हीसुद्धा अलियमच! चपटी पात, चांदणीच्या आकाराच्या पांढऱ्या फुलांचे झुबके, त्यावर मधमाश्या. शिवाय पात चटणीत घालता येते. आपल्या पावसात पाणी तुंबलं की मुळं कुजतात, म्हणून उंच वाफा करा, मातीत वाळू मिसळा, कुंडी पागोळ्यांखाली ठेवू नका.

लाल गोलच हवा असेल तर फुटबॉल लिली. ती अलियम नव्हे, मूळची आफ्रिकेची. पण वळवाच्या सरींनंतर हमखास फुलते. कंद विषारी असतो, गुराढोरांपासून जपा.